चांदीच्या रुळांवरचा महाराजा

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील भोजनगृहात लांबलचक मेजावर चांदीची एक छोटी आगगाडी उभी आहे. पुढे इंजिन, मागे डबे, आणि डब्यांवर इंग्रजी अक्षरांत एकेक करून उमटवलेले शिंदे घराण्याचे नाव. जेवणे आटोपली की मद्याच्या कापीव काचेच्या सुरया आणि सिगार घेऊन ही गाडी मेजावरच्या रुळांवरून पाहुण्यांसमोर फिरत असे. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे आणि ती जागेवर ठेवताच पुन्हा चालू लागे. प्रासादाच्या संग्रहालयात येणारा पर्यटक या गाडीपुढे हमखास रेंगाळतो, संस्थानिकांच्या विलासाचा आणखी एक नमुना म्हणून तिच्याकडे पाहतो आणि पुढे टांगलेली प्रचंड झुंबरे पाहायला निघून जातो. ही गाडी मेजावर आणणारे महाराजा माधवराव शिंदे मात्र केवळ विलासी संस्थानिक नव्हते. यंत्रांच्या वेडाने झपाटलेला हा माणूस आयुष्यभर लहान मापाच्या गाड्यांशी खेळला आणि त्याच खेळातून त्याने आपल्या संस्थानाला खराखुरा लोहमार्ग दिला.

शिंदे घराण्याचे मूळ साताऱ्याकडील कण्हेरखेडचे. घराण्याचे संस्थापक राणोजी शिंदे यांचा वसईशीही जवळचा संबंध होता. आज गोखिवरे, वालीव, नवघर असा कारखान्यांच्या गाळ्यांनी आणि इमारतींनी भरलेला वसईचा परिसर तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला जिंकला, त्या मोहिमेत राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर आपापल्या फौजांसह उतरले होते. राणोजींचे पुत्र महादजी यांनी पुढे दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हाती घेतली. मराठी वाचकाला शिंदे म्हटले की आठवतात ते हे महादजी.

त्यानंतरचा इतिहास तितका अभिमानाचा नाही. १८५८ मध्ये झाशीची राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे ग्वाल्हेरवर चालून आले, तेव्हा तरुण जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूला राहिले. महाराष्ट्राने ही गोष्ट कधी विसरलेली नाही. इंग्रजांनीही जयाजीरावांवर पुरता विश्वास ठेवला नाही. ग्वाल्हेरचा किल्ला त्यांनी आपल्याच ताब्यात ठेवला. राजवाडा खाली आणि डोक्यावर परक्यांची छावणी, अशी राजधानीची अवस्था पुढे जवळजवळ तीन दशके राहिली. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात किल्ला परत मिळाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीरावांचे निधन झाले. गादीवर आले त्यांचे पुत्र माधवराव. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा, म्हणजे वयाची दहा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

राज्य मोठे होते. सुमारे पंचवीस हजार चौरस मैलांचा मुलूख आणि तीस लाखांच्या आसपास प्रजा होती, शिवाय एकवीस तोफांच्या सलामीचा मान होता. पण सैन्य किती ठेवायचे, परराष्ट्राशी काय बोलायचे, हे ठरवणारे इंग्रज होते. बालराजाचा कारभार मंडळाकडे आणि शिक्षण इंग्रज देखरेखीखाली, असा त्या काळचा शिरस्ता होता. १८९४ मध्ये माधवरावांना पूर्ण अधिकार मिळाले. तेव्हा त्यांना समजून चुकले असावे की अधिकार पूर्ण असले तरी त्यांची कक्षा आखून दिलेली आहे.

अशा राजांपुढे त्या काळी दोन वाटा असत. एक, खजिना उधळत युरोपात फिरत राहण्याची; दुसरी, संस्थानाच्या कारभारात स्वतःला गाडून घेण्याची. माधवरावांनी दुसरी निवडली. खात्यांच्या नियमावल्या, हिशेबाच्या पद्धती, शेतसारा, शाळा, पाटबंधारे, सगळीकडे ते स्वतः लक्ष घालत. हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. चीनमध्ये बॉक्सर उठाव झाला तेव्हा त्यांनी ग्वाल्हेर नावाचे रुग्णालयजहाज सज्ज करून दिले आणि जनरल गॅसेली यांच्या हाताखालचा अधिकारी म्हणून ते स्वतः चीनला जाऊन आले. वय होते चोवीस-पंचवीस.

आणि या सगळ्याच्या बरोबरीने होती ती गाड्यांची ओढ.

बागेतली गाडी

भारतातील मोठ्या लोहमार्गांच्या बाबतीत संस्थानिकांचा अनुभव कडू होता. आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी जयाजीरावांनी ब्रिटिश सरकारला ७५ लाख रुपये दिले होते. पैसा संस्थानाचा, जमीन संस्थानाची. पण रूळ पडले की त्या पट्ट्यावरचा अंमल ब्रिटिशांकडे जाई. आपल्याच मुलखातून धावणारी गाडी राजाची नसे. तो तिचा मोठा प्रवासी, एवढेच.

माधवरावांनी १८९० च्या दशकात दोन फूट रुंदीच्या रुळांची चिमुकली गाडी विकत घेतली. प्रासादाच्या आवारात आणि आसपास फिरण्यासाठी, हौस म्हणून. मुंबईहून माथेरानला जाणारी मिनी ट्रेन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गाडीच्या अंगयष्टीची कल्पना येईल. माथेरानची गाडीही याच मापाची, पण ती १९०७ ची. ग्वाल्हेरची तिच्याहून जुनी. महाराज स्वतः इंजिनावर चढत, कळ हाती घेऊन गाडी हाकत. कोळशाची धूळ आणि तेलाचे डाग यांचे त्यांना वावडे नव्हते.

श्रीमंत तरुणाचा हा खेळ एवढ्यावर संपला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण उरले नसते. पण बागेतले रूळ बागेबाहेर गेले. १८९९ मध्ये ग्वाल्हेर लाइट रेल्वे या नावाने प्रवासी वाहतुकीला सुरुवात झाली. एक फाटा पूर्वेला भिंडकडे, दुसरा दक्षिणेला शिवपुरीकडे. तिसरा फाटा चंबळच्या बाजूने टप्प्याटप्प्याने वाढत १९०९ च्या सुमारास श्योपूरला पोहोचला. सुमारे दोनशे किलोमीटरचा हा मार्ग इतक्या अरुंद रुळांवर धावणाऱ्या जगातील सर्वांत लांब मार्गांपैकी एक ठरला. ज्या खेड्यांना बैलगाडीशिवाय दुसरे वाहन ठाऊक नव्हते, त्यांच्या वेशीवर आगगाडी उभी राहिली.

रूळ अरुंद ठेवण्यामागे काटकसर होतीच. लहान रूळ, लहान पूल, लहान इंजिने, आणि वळणावळणाच्या जमिनीत भरावाचा खर्चही कमी. पण त्याला आणखी एक बाजू आहे. मुख्य लोहमार्ग साम्राज्याचा होता, हा मात्र संपूर्णपणे संस्थानाच्या हद्दीत आणि संस्थानाच्या मालकीचा. मोठ्या मापात जे हाती येत नव्हते ते माधवरावांनी लहान मापात मिळवले. त्यांच्या आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टींची किल्ली इथे सापडते.

मेजावरची गाडी

चांदीची गाडी आली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ती इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या कंपनीने घडवल्याचे सांगितले जाते. वेनमन बॅसेट-लोक या तरुणाने १८९९ च्या सुमारास टपालाने मालाची विक्री करणारी ही कंपनी काढली होती. खऱ्या इंजिनाची मापे घेऊन ती ठरावीक प्रमाणात उतरवायची आणि रंग, पट्टे, क्रमांक यांच्यासह हुबेहूब प्रतिकृती तयार करायची, हा तिचा लौकिक. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्न्बी यांनी १९०१ मध्ये आपल्या खेळण्याचे पेटंट घेतले, तेच पुढे मेकॅनो म्हणून घराघरात पोहोचले. प्रतिकृतींचा छंद मुलांच्या खोलीतून मोठ्यांच्या मेजावर येऊ लागला तो याच काळात.

आज मुंबई-पुण्यापासून वसई-विरारपर्यंतच्या घरांत काचेच्या कपाटात ज्या छोट्या मोटारी मांडलेल्या दिसतात, त्यांचे कूळही या आगगाड्यांतच आहे. हॉर्न्बींच्या कंपनीने १९३३ मध्ये धातूच्या लहान मोटारी काढल्या त्या खेळण्यातल्या रेल्वे स्थानकाबाहेर उभ्या करण्यासाठी. पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळाले आणि बघता बघता शोभेच्या मोटारींनी आगगाडीला मागे टाकले. संग्राहकांत रूढ असलेले एकास त्रेचाळीस हे प्रमाणही आगगाडीकडूनच आलेले आहे. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीत सात मिलिमीटर, हा इंग्रज छांदिष्टांचा हिशेब होता. मोटारींनी तो तसाच उचलला.

या छंदाच्या कसोटीवर ग्वाल्हेरची गाडी उतरते का? काटेकोर छांदिष्ट नाक मुरडेल. प्रतिकृती बनवणाऱ्याचे अर्धे कसब रंगकामात असते. आधी अस्तर, मग पातळ थरांवर थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा, शेवटी केसाएवढ्या रेषा आणि बोनेटवरची खूण. प्लास्टिकवर धातूचा भास उत्पन्न करण्यात माणसे वर्षे घालवतात. इथे धातूच अस्सल, आणि तोही चांदी, तेव्हा रंगाचा प्रश्नच आला नाही. शिवाय डब्यात खरी सुरई ठेवली की प्रमाणाची वाट लागते. गाडी लहान आणि तिच्यावरची बाटली एखाद्या घराएवढी. खरे तर ही प्रतिकृती नव्हतीच, गाडीच्या रूपातला वाढपी होता.

तरीही तिच्या आतली युक्ती दाद देण्याजोगी आहे. रुळांतून वीज, इंजिनात छोटी मोटर, आणि सुरई उचलताच प्रवाह तुटेल अशी जोडणी. ज्या काळात हिंदुस्थानातील बहुतेक घरांत विजेचा दिवाही नव्हता, त्या काळात जेवणाच्या मेजावरून वीज धावत होती. गाडी चालवणाऱ्या खटक्यांचा ताबा यजमान स्वतःकडे ठेवत.

थट्टेची माधवरावांना भारी आवड. ज्या पाहुण्याची गंमत करायची त्याच्यासमोरून गाडी न थांबता निघून जाई. तो हात पुढे करून बसे आणि सुरया शेजाऱ्यापुढे जाऊन थबकत. एकदा व्हाइसरॉयच्या मेजवानीत जोडणी बिघडली आणि गाडी आवरेना, मद्य आणि पदार्थ पाहुण्यांच्या अंगावर उडाले, असाही किस्सा वर्षानुवर्षे सांगितला जातो. तिखटमीठ लागले असेल. पण त्या मेजावर कोण बसत असे हे लक्षात घेतले की थट्टेला वेगळीच धार येते. रेसिडेंट, सेनापती, व्हाइसरॉय, युवराज. ज्यांच्या संमतीवाचून महाराजांना आपल्या फौजेत चार तोफा वाढवता येत नव्हत्या, ती सारी मंडळी. त्यांच्यापुढे गाडी थांबवायची की नाही, हे तेवढ्या तासाभरापुरते महाराजांच्या बोटांवर अवलंबून असे.

म्हणून त्यांना साम्राज्याचे छुपे विरोधक ठरवणे चुकीचे होईल. ते निष्ठावंत होते, आणि ती निष्ठा मिरवतही होते. त्यांना दोन मुले झाली, त्यांची नावे बादशहा पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यावरून जॉर्ज जिवाजीराव आणि मेरी कमलाराजे अशी ठेवली गेली. मराठी घरात पाळण्यात घातलेली ही नावे आज कानाला विचित्र वाटतात.

अपत्यसुख त्यांना उशिरा लाभले. पहिल्या पत्नी चिंकूराजे यांना मूल नव्हते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या इंदिराराजे यांच्याशी विवाह ठरला, तयारी सुरू झाली. पण १९११ च्या दिल्ली दरबारात इंदिराराजे आणि कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र यांची भेट झाली आणि त्यांनी स्वतःच ग्वाल्हेरला कळवून विवाह मोडला. देशातल्या दोन मोठ्या मराठी संस्थानांत झालेला हा प्रकार तेव्हा फार गाजला. राजकन्येने नकार कळवावा, हेच त्या काळाला पचणारे नव्हते. माधवरावांनी नंतर गजराराजे यांच्याशी विवाह केला. १९१६ मध्ये जिवाजीरावांचा जन्म झाला तेव्हा महाराज चाळिशीला आले होते.

खरे जहाज, खरे धरण

खेळाबाहेरच्या जगात त्यांचा पैसा कुठे गेला, तेही पाहण्यासारखे आहे. टाटांची पोलाद कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली. पुढच्या वर्षी खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढावे लागले, तेव्हा ते सगळेच्या सगळे एकट्या ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले. लंडनच्या बाजाराने हात आखडता घेतला होता, त्या काळात. १९२१ मध्ये बिर्लांची कापडगिरणी ग्वाल्हेरला आली, ती जयाजीरावांच्या नावाने. मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या योजनेनुसार १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्यामागेही महाराजांचा आश्रय होता.

पहिल्या महायुद्धात माधवरावांनी पुन्हा एक जहाज दिले. कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे एम्प्रेस ऑफ इंडिया हे १८९१ चे प्रवासी जहाज १९१४ च्या अखेरीस विकत घेण्यात आले आणि लॉयल्टी, म्हणजे निष्ठा, असे नाव देऊन जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय म्हणून ते चालवण्यात आले. युद्ध संपल्यावर हे जहाज सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणाऱ्या या नव्या कंपनीचे नाव ठेवले गेले सिंदिया स्टीम नेव्हिगेशन. भारतात दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो, तो याच सफरीची आठवण म्हणून. निष्ठा नावाच्या जहाजातून स्वदेशी नौकानयनाचा आरंभ व्हावा, हा योगायोग इतिहासालाच सुचू शकतो.

पण मोठ्या मापाची कामे छोट्या गाडीसारखी बोटावर थांबत नाहीत. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिघरा येथे संस्थानाने धरण बांधले. पाया वालुकाश्माचा होता. १९१७ च्या पावसाळ्यात पायात पाणी मुरले, भिंत फुटली आणि खालच्या गावांवर पाण्याचा लोंढा गेला. अनेकांचे प्राण गेले. धरण पुढे दुरुस्त झाले, ग्वाल्हेर शहर आजही त्याचे पाणी पिते. महाराजांच्या चरित्रांत चांदीच्या गाडीला पाने मिळतात आणि तिघऱ्याला ओळी, हे मात्र खटकते. पाटबंधाऱ्यांचा ध्यास हे त्यांच्या कारभाराचे खरे बळ होते. त्या बळाची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावे कुठल्याही संग्रहालयात नाहीत.

१९२५ च्या उन्हाळ्यात माधवराव युरोपात होते. ५ जूनला पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. गादीवर पुन्हा एक अल्पवयीन मुलगा आला. जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते, आणि ग्वाल्हेरचा कारभार पुन्हा रीजन्सी मंडळाकडे गेला. शिवपुरीत माधवरावांनी आपल्या मातोश्री सख्याराजे यांची छत्री उभारली होती. तिच्यासमोरच त्यांची संगमरवरी छत्री बांधण्यात आली.

संस्थाने विलीन झाली आणि ग्वाल्हेर लाइट रेल्वे १९५० च्या सुमारास भारतीय रेल्वेच्या ताब्यात गेली. माधवरावांचे नाव धारण करणारे त्यांचे नातू १९८६ ते १९८९ या काळात देशाचे रेल्वे राज्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९८८ मध्ये, पहिली शताब्दी एक्स्प्रेस दिल्लीहून ग्वाल्हेरमार्गे झाशीला धावू लागली. ग्वाल्हेर स्थानकात तिच्यापासून थोड्याच अंतरावर आजोबांची अरुंद गाडीही उभी असे. शिवपुरी आणि भिंडचे अरुंद रूळ विसाव्या शतकातच उखडले गेले. श्योपूरची गाडी मात्र टपावरही माणसे घेऊन, ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या चालीने, संपूर्ण मार्गाला दहा-अकरा तास लावत धावत राहिली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. त्या मार्गावर रुंद रूळ टाकण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.